गोदाघाटाचा पिक्सेल सीन एआयकडून काढून घेतोय, पण दुतोंड्या मारुती काही जमेना

घाटावरचा

नमस्कार मंडळी. मी पंचवटीत राहतो, सातपूर एमआयडीसीत सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर सेटर आहे. रात्री जेवणं आटोपली की आठवीतल्या लेकीबरोबर तासभर बसून एक छोटा गेम बनवतोय, गोडो इंजिनात (गेम बनवायचं सॉफ्टवेअर). कोड माझ्याकडे, गेममध्ये काय घडणार ते तिच्याकडे. गाडी अडलीय ती चित्रांपाशी.

गेम असा आहे. श्रावणातला बुधवार, गोदाघाटावर आठवडे बाजार भरलाय आणि गंगापूर धरणातून विसर्ग वाढवल्याचा भोंगा वाजतो. फुलं-वाती विकणाऱ्या एका आजीचा नातू म्हणजे आपण. पाणी चढायच्या आत आजीचं आणि शेजारपाजारच्या दुकानांचं सामान वरच्या पायऱ्यांवर पोचवायचं. कोपऱ्यात वेळेची पट्टी ठेवायची नाही, हे लेकीने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. पट्टीच्या जागी दुतोंड्या मारुती, म्हणजे घाटावर नदीपात्रातली दोन तोंडांची उभी मूर्ती. पाणी पायाला लागलं, गुडघ्याला, कमरेला, छातीला. गळ्याशी आलं की डाव संपला. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे पुराची चौकशी करताना कोणी मीटर-फूट विचारत नाही, 'मारुतीच्या कुठवर आलंय?' एवढंच विचारतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा ही दुसरीत होती. गर्दीत माझ्या खांद्यावर बसून तिने मारुतीभोवती चढत जाणारं पाणी पाहिलं. गेमची कल्पना तिथून आलीय, माझ्याकडून नाही.

दिसायला तो जुन्या टीव्ही-गेमसारखा हवाय. माझ्या लहानपणी वडिलांनी शालिमारजवळच्या एका दुकानातून टीव्हीला जोडायचा गेम आणून दिला होता. पिवळी कॅसेट, तिच्यावर '9999 इन 1'. त्यात खरे गेम मोजकेच, बाकी तेच ते पुन्हा वेगळ्या नावाने. पण दहा-बारा ठिपक्यांत माणूस उडी मारतोय हे स्पष्ट कळायचं, आणि हे कसं जमवलं असेल याचं मला आजही नवल वाटतं.

मला चित्रं काढता येत नाहीत, म्हणून चित्र काढणाऱ्या एका एआयकडे गेलो. '16-बिट पिक्सेल आर्ट, नदीचा दगडी घाट, काळ्या पाषाणाची देवळं, पावसाळी संध्याकाळ, निळ्या ताडपत्रीची दुकानं, 16 रंग' असं इंग्रजीत लिहून दिलं. मोबाइलवर चित्र पाहिलं तेव्हा आम्ही दोघंही खूश. मग ते कॉम्प्युटरवर गिंप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून 800 टक्के मोठं केलं. माझा दिवस मिलिमीटरचा शंभरावा भाग बघण्यात जातो, त्यामुळे डोळा तिथेच गेला. ठोकळे एका मापाचे नाहीत. एक 7 पिक्सेल रुंद, शेजारचा 9, त्याच्या पुढचा साधारण 8 पण कड पुसट. डावीकडून मोजत गेलो तर पायऱ्यांपाशी येईपर्यंत सगळी जाळी अर्ध्या ठोकळ्याने सरकलेली. असे जॉब माझ्या मशीनवरून निघायला लागले तर ऑफसेट तपासल्याशिवाय मी पुढचा लावणार नाही. गिंपच्या कलरक्यूब ॲनालिसिसमध्ये रंग मोजले. मागितले होते 16, निघाले 38 हजारांच्या वर.

त्याहून मोठी अडचण मारुतीची. 'दोन तोंडांचा मारुती' म्हटलं की एआय एका धडावर शेजारी-शेजारी दोन डोकी बसवतो. दोन तोंडं दोन दिशांना, असं चार प्रकारे सांगून पाहिलं. एकदा तीन डोकी आली. देवळं म्हणाल तर कधी दाक्षिणात्य गोपुरं, कधी गुलाबी दगड. घाट काशीचा वाटतो, मोठ्या छत्र्यांसकट. दुकानाच्या पाटीवर मराठीसारखी दिसणारी पण कुठलंच अक्षर नसलेली रेघोटी. लेक म्हणाली, 'बाबा, हे आपलं नाहीये.' तिला उत्तर काय द्यावं कळेना.

शिवाय मला हाच घाट पाण्याच्या पाच पातळ्यांवर हवाय. 'तेच चित्र, पाणी फक्त गुडघ्यापर्यंत वाढव' म्हटलं की पायऱ्यांची संख्याच बदलते, दुकानं जागा सोडतात.

तर विचारायचं एवढंच, की हे एआयकडून नीट करून घ्यायची काही रीत आहे का? की मी चुकीच्या माणसाकडे चुकीचं काम घेऊन गेलोय? ज्यांनी केलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा.

रात्रपाळी

बाकी जाणकार सांगतीलच, एक बारकी गोष्ट माझ्याकडून. गोडो 4 मध्ये टेक्स्चर फिल्टर मुळातच लिनियर असतं, म्हणजे चित्र मोठं करताना शेजारचे रंग मिसळतं, त्यामुळे चांगली पिक्सेल आर्टसुद्धा पुसट दिसते. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये रेंडरिंगखाली टेक्स्चर्समध्ये जाऊन डीफॉल्ट फिल्टर निअरेस्ट करा, ते रंग मिसळत नाही. पायाचं माप 320 बाय 180 घ्या. सहापट केलं की बरोब्बर 1920 बाय 1080 होतं, चौपट केलं की 1280 बाय 720. अर्धामुर्धा पिक्सेल कुठे उरत नाही. स्ट्रेच मोड व्ह्यूपोर्ट ठेवा.

ठिपका

घाटावरचा दादा, माझं माहेर गंगापूर रोडचं, नऊ वर्षं पुण्यात गेमसाठी पिक्सेल आर्ट करते. तुम्ही मोठं करून मोजलंत हे वाचून फार बरं वाटलं. बहुतेक जण मोबाइलवर पाहून थांबतात.

जाळी का सरकते ते आधी सांगते, कारण ते कळलं की एआयकडून काय मागायचं ते आपोआप कळतं. ही मॉडेलं चित्र ठिपक्या-ठिपक्याने भरत नाहीत. नुसत्या गोंगाटापासून सुरुवात करून तो टप्प्याटप्प्याने निवळत नेतात, आणि तेही चित्राच्या आकसलेल्या रूपावर. स्टेबल डिफ्यूजन या चित्र काढणाऱ्या मॉडेलच्या पहिल्या पिढीचं घ्या. 512 बाय 512 चं चित्र आत 64 बाय 64 घरांत हाताळलं जातं. आतलं एक घर बाहेरच्या 8 बाय 8 पिक्सेलचा भार वाहतं, आणि ते घर उलगडताना कडा अंदाजाने भरल्या जातात. त्यात शिकवताना दाखवलेली पिक्सेल आर्ट नेटवरची. कोणी तिप्पट मोठी करून टाकलेली, कोणी पाचपट, कोणी जेपेगमध्ये दाबून डागाळलेली. एवढ्या पाहून त्याला ठोकळेदार दिसणं कळलं. ठोकळ्याचं माप कळायला वावच नव्हता.

आता तुमचा जुना टीव्ही-गेम. तसली यंत्रं म्हणजे 1983 च्या निन्टेन्डो फॅमिकॉमची नक्कल. त्या यंत्राचा पडदा 256 बाय 240. पार्श्वभूमी 8 बाय 8 च्या फरशांनी भरायची, अशा वेगळ्या फरश्या एका वेळी 256. पार्श्वभूमीसाठी चार रंगपेट्या, प्रत्येकीत तीन रंग आणि एक सगळ्यांना सामाईक, म्हणजे एकूण 13. आणि पडद्याच्या 16 बाय 16 च्या प्रत्येक चौकात एकच पेटी उघडता येते. दोन पेट्यांचे रंग त्या चौकात मिसळले की संपलं. 1985 च्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंगपेटी बदललेली. अख्खा गेम 40 किलोबाइटमध्ये बसवलाय, तिथे ढग वेगळा आणि झुडूप वेगळं काढायला जागा कुठली? दहा-बारा ठिपक्यांत उडी दिसायची त्याचं गुपित हेच. प्रत्येक ठिपक्याला जागा मागावी लागायची, म्हणून उगाच बसलेला एकही नसायचा. एआयला कशाचीच टंचाई नाही.

ती टंचाई तुम्ही आणा. चित्र मागायच्या आधी ठरवा: 320 बाय 180, 16 रंग, मारुती 48 ठिपके उंच. 48 म्हणजे पायापासून गळ्यापर्यंत पाच खुणा आठ-नऊ ठिपक्यांच्या अंतराने नीट बसतात. मग चौकोन आणि पट्ट्यांनी घाटाचा कच्चा आराखडा स्वतः मांडा. इथे चित्रकला लागत नाही, जॉबचा आराखडा कागदावर काढता तसं. तो निअरेस्टने चौपट मोठा करून एआयला मूळ चित्र म्हणून द्या आणि बदलाची मुभा कमी ठेवा. 0 ते 1 च्या मापात माझ्याकडे 0.35 च्या आसपास काम होतं. त्याच्या वर गेलं की पायऱ्या हलायला लागतात. त्यातून उजेड कुठून पडतो, ढग कसे दाटतात, ओल्या पायरीवर चमक कुठे येते, एवढं घ्या.

आलेलं चित्र परत खाली आणताना नुसतं लहान करू नका. तुम्हाला कोड येतो, तर पायथनमध्ये पिलो ही चित्रांची लायब्ररी वापरून छोटी स्क्रिप्ट लिहा, किंवा दुसऱ्या एखाद्या एआयकडून लिहून घ्या, त्यात तो चांगला उपयोगी पडतो. चित्राचे 320 बाय 180 समान घरांत तुकडे करायचे आणि प्रत्येक घरात जो रंग जास्तीत जास्त जागा व्यापतो तो त्या घराला द्यायचा. सरासरी काढली तर कडांचा चिखल होतो. मग तुमच्या ठरलेल्या 16 रंगांत क्वांटाइझ करा, म्हणजे प्रत्येक ठिपक्याला त्यातला जवळचा रंग द्या, आणि डिदर (दोन रंगांचे ठिपके मिसळून मधला रंग भासवणं) बंद करायला विसरू नका. पिलो आपली रंगपेटी दिली तरी गुपचूप फ्लॉइड-स्टाइनबर्ग नावाचं डिदर लावतं आणि सगळ्या दगडावर मुरूम उठल्यासारखं दिसतं.

पाण्याच्या पाच पातळ्यांसाठी पाच चित्रं नकोतच. घाट एकदाच, पाणी वेगळ्या थरात. तो थर वर सरकवा. आणि वाहणं दाखवायला एकही नवीन फ्रेम लागत नाही. पाण्याचे चार तपकिरी रंग एका ओळीत ठेवा आणि त्यांचे क्रमांक फिरवत राहा. ठिपके जागचे हलत नाहीत, रंग पुढे सरकतात आणि डोळ्याला नदी वाहताना दिसते. मार्क फेरारी नावाचे चित्रकार आहेत, लुकासआर्ट्सच्या जुन्या गेमसाठी काम केलेले. त्यांनी या रंग फिरवण्यावर पाऊस, धबधबे, समुद्र असं सगळं उभं केलंय. शोधून बघाच, लेकीलाही दाखवा. गोडोत हे चार ओळींच्या शेडरने (ठिपक्यांचे रंग ठरवणारा छोटा प्रोग्राम) होतं.

पाटीवरची अक्षरं एआयकडून अजिबात नकोत. आपल्या लिपीला शिरोरेषा, वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. सगळं धरून 12 ठिपके उंची तरी लागते, 8 मध्ये कोंबली की 'पूर' आणि 'पर' सारखंच दिसतं. हाताने काढा.

मारुतीबद्दल मी काही सांगत नाही. तो तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

घाटावरचा

ठिपकाताई, रात्रपाळी दादा, मनापासून आभार. तीन रात्री यात गेल्या.

स्क्रिप्ट चालली. सगळ्यात व्यापलेला रंग घ्यायचा म्हटल्यावर पायऱ्यांच्या कडा एकदम सरळ आल्या. डिदरचं तुम्ही सांगितलं नसतं तर मी आठवडाभर दगडावरचे ठिपके पुसत बसलो असतो. पाणी वेगळ्या थरात टाकल्यावर लेकीने स्वतः माउस धरून ते वर-खाली करून पाहिलं, निदान वीस वेळा. रंगपेटी म्हणजे काय हे तिला रहाडीवरून, म्हणजे रंग खेळायच्या जुन्या हौदावरून समजावलं. रंगपंचमीला आपल्याकडे प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो, इथलं पाणी तिथे नेत नाहीत. तसंच एका चौकात एकच पेटी. तिला लगेच कळलं.

आता नवीन अडचण. 16 रंगांत आणलं की काळ्या दगडाचं देऊळ, त्याच्यामागचं पावसाळी आभाळ आणि सावलीतलं पाणी, तिन्ही मिळून एक काळा खड्डा. देवळाचं शिखर कुठे संपतं ते दिसतच नाही. काळाराम काय, नारोशंकर काय, आपली देवळं गडद दगडाचीच, ती उजळ करणं मला पटत नाही. यावर काय करता?

सुईदोरा

अहो, तुम्ही माझ्या मुलाच्या वयाचे असाल. मी नाशिकरोडला राहते, शाळेत शिवण शिकवायचे, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. कॉम्प्युटर गेममधलं मला कळत नाही. हा धागा नातवाने वाचून दाखवला, कारण तो म्हणाला, 'आजी, हे लोक तुझ्या दोसुतीबद्दलच बोलताहेत.'

खरंच तसं आहे. दोसुतीच्या कापडावर घरं मोजायची आणि एका घरात एक फुलीचा टाका. अर्धा टाका नाही. रंग घरात असतील तेवढ्याच लडींचे. आम्ही मोर काढायचो तेव्हा आधी चौकटीच्या कागदावर, एकेक घर रंगवून. एक घर चुकलं की मान वाकडी व्हायची आणि ती दहा ओळी पुढे गेल्यावर कळायची, मग सगळं उसवा. येवल्याचे पैठणीवाले तर हेच रेशमात करतात, ताण्याचे धागे मोजून, प्रत्येक रंगाची वेगळी कांडी घेऊन.

तुमच्या काळ्या देवळाचं सांगते. काळ्यावर काळा दोरा कधी उठत नाही. मी एकदा काळारामाचं देऊळ भरलं होतं, भिंतीवर लावायला. पहिल्यांदा सगळं काळ्याने भरलं आणि लांबून कोळशाचा ढीग दिसला. मग उसवलं. भर दुपारी देवळात जाऊन बसले आणि दगड बघत राहिले. तो दगड काळा नाहीच. उन्हाच्या बाजूला राखाडी, त्यात निळसर झाक, सावलीत जांभळट, आणि पाऊस पडून गेला की कडेकडेने पांढरी रेघ चमकते. घरी येऊन गर्द निळी, राखाडी आणि जांभळी अशा तीन लडी घेतल्या, काळी फक्त कोनाड्यांत आणि दारात. मागच्या आभाळाला दगडाच्या रंगापासून लांबचा रंग दिला, पिवळट करडा. ते अजून भिंतीवर आहे, आणि कोणाला हे काय म्हणून विचारावं लागत नाही.

आणखी एक. फुलीचा वरचा टाका सगळीकडे एकाच दिशेला पडला पाहिजे. एक जरी उलटा पडला तरी उजेड तिथे वेगळा होतो आणि नजर नेमकी तिथेच जाते. तुमच्या चित्रात उजेड डावीकडून येत असेल तर प्रत्येक पायरीवर, प्रत्येक ताडपत्रीवर, मारुतीच्या खांद्यावरसुद्धा तो डावीकडूनच पडू द्या. तुमच्या त्या यंत्राला हे सांभाळता येतं का ते बघा. मुलीला आशीर्वाद.

ठिपका

आजी, तुमचं वाचून अंगावर काटा आला. पहिल्या मॅकिंटॉशची, 1984 ची चिन्हं सुझन केअर यांनी काढली, तीही 32 बाय 32 च्या चौकटीत, चौकटीच्या वहीवर. त्यांना भरतकामाची आणि मोझेकची सवय होती, ती तिथे कामाला आली. मला नवीन मुलांना शिकवताना हे सांगायचं असतं आणि दाखवायला उदाहरण सापडत नाही. तुमच्या भिंतीवरच्या देवळाचा फोटो टाकाल का?

दादा, उजेडाबद्दल आजींचं अगदी बरोबर आहे, आणि एआय नेमका तिथेच चुकतो. एका दुकानावर उजेड डावीकडून, दुसऱ्यावर उजवीकडून. मोठ्या चित्रात खपून जातं, 48 ठिपक्यांत खपत नाही. काळा रंग पेटीतून काढून टाका, त्याऐवजी सगळ्यात गडद रंग म्हणून गर्द निळा-जांभळा ठेवा.

रेघोट्या

मी कॉलेज रोडला राहतो, पुस्तकांसाठी चित्रं काढतो. इथे सगळे मन लावून मदत करताहेत, पण एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून बोलतो.

एआयला ठोकळे काढायला ज्यांच्या चित्रांवरून शिकवलं, त्यातल्या बहुतेकांना कोणी विचारलं नाही. पिक्सेल आर्टवाले तर अनेक वर्षं आपलं काम नेटवर मोकळेपणी टाकत आलेत, एकमेकांना शिकवत आलेत. त्याच मोकळेपणाचा माल झाला, आणि आता 'पिक्सेल आर्ट' म्हणून एका मिनिटात शंभर चित्रं निघतात. माझ्या ओळखीतल्या एकाचं काम गेल्या वर्षी गेलं, कारण गिऱ्हाईक म्हणालं की आम्हीच काढून घेतो. तुम्ही लेकीबरोबर घरी करताय, त्यावर माझा काही आक्षेप नाही. पण उद्या हा गेम कुठे ठेवणार असाल तर कशात एआय वापरलं ते स्वच्छ लिहा. स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर तर जानेवारी 2024 पासून गेम देताना ते जाहीर करावंच लागतं, आधी बनवून ठेवलेलं वेगळं आणि खेळताना बनणारं वेगळं.

आणि मारुती तरी स्वतः काढा. तुमच्या लेकीने पाहिलाय तो.

घाटावरचा

सगळ्यांना एकत्रच उत्तर देतो.

रेघोट्या दादा, तुमचं वाचून दोन दिवस लिहिलं नाही. तुमच्या ओळखीतल्या माणसाचं वाईट वाटलं. आमच्या शॉपमध्ये सीएनसी आली तेव्हा जुन्या लेथवरच्या दोघा-तिघांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी पाहिलंय, त्यांनीच मला हात धरून काम शिकवलं होतं. गेमच्या पहिल्या पानावर आम्ही लिहिणार आहोत: लांबचं आभाळ आणि उजेडाचा पहिला खर्डा एआयचा, स्क्रिप्ट एआयच्या मदतीने लिहिलेली, बाकी दोघांच्या हाताचं. लेकीने ते वाक्य वहीत लिहून ठेवलंय.

रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही घाटावर गेलो. आजी, तुम्ही दगड बघत बसलात तसेच बसलो. मी मोबाइलने फोटो काढत होतो. तिने धाकट्या चुलत भावाची गणिताची चौकटीची वही आणली होती. आधी तिने मारुती काढलाच नाही, पायऱ्या काढल्या. म्हणाली, 'बाबा, खालच्या चार पायऱ्या हिरवट आहेत, त्यावरच्या करड्या आणि मध्ये एक ओली रेघ आहे, ती सरळ नाही.' मी रोज तिथून जातो, मला ती रेघ कधी दिसली नव्हती. एआयच्या एकाही चित्रात ती नव्हती.

मग मारुती. आम्ही त्याच्या भोवती फिरून पाहिलं. घाटावर एका जागी उभं राहिलं की एकच तोंड दिसतं, दुसरं पलीकडे. म्हणजे एका चित्रात दोन तोंडं दाखवायचा माझा हट्टच चुकीचा होता. तिने तिथल्या तिथे गेम बदलला. नातू अलीकडच्या काठावर असेल तेव्हा हे तोंड, सामान घेऊन पलीकडे गेला की ते तोंड, आणि पाण्याची पातळी दोन्हीकडे तीच. दोन स्प्राइट (गेममधली सुटी छोटी चित्रं), 24 बाय 48. शेंदराला तीन रंग: उजेडात फिकट नारिंगी, मधला शेंदरी, सावलीत विटकरी. डोळ्यांना प्रत्येकी दोन ठिपके. एकच दिला तर तो झोपलेला दिसत होता, तीन दिले तर घाबरलेला. दोनवर यायला तिला पाऊण तास लागला आणि तोवर तिने मला वहीला हात लावू दिला नाही.

वहीवरून ॲसप्राइट या पिक्सेल आर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये मी उतरवलं, एकेक घर मोजून. डावीकडून पाचव्या ओळीत एक ठिपका चुकला होता, खांदा खाली उतरल्यासारखा दिसत होता. तिने लांबून, जेवता जेवता ओळखलं.

ठिपकाताई, देवळाला काळा काढून गर्द निळा-जांभळा टाकला आणि मागे आजींचा पिवळट करडा. शिखर मोकळं झालं. पाण्याचे चार रंगही फिरताहेत. एकच शंका उरलीय. मारुतीला जिथे पाणी लागतं तिथे ती ओली रेघ दाखवायची आहे, पाणी ओसरल्यावर थोडा वेळ शेंदूर गडद राहावा अशी. तिला ते हवंच आहे, म्हणते पूर गेल्यावर तसंच दिसतं. पेटीत एकच जागा शिल्लक आहे आणि ती आजीच्या झेंडूच्या पिवळ्यासाठी राखलीय. विटकरीवर भागेल, की झेंडू सोडावा?